काका नेमके कुठे बसतात

सात वर्षं मी एका काकांचा पत्ता शोधत होते. माझे सख्खे काका नव्हेत. ते कुठे असतात हे सगळ्या घराला माहीत आहे, टीव्हीसमोर. हे काका म्हणजे एक प्रोटीन. त्याचं खरं नाव उच्चारलं की समोरचा माणूस जांभई देतो, म्हणून लॅबमध्ये आम्ही त्याला काका म्हणायचो. स्वभावही तसाच. धडधाकट पेशीत हे गृहस्थ गप्प पडून असतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकदा का उठले, की घराचा बोऱ्या वाजलाच म्हणून समजा. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या ज्या छोट्या भट्ट्या असतात, मायटोकाँड्रिया, त्यांच्या भिंतींना काका भोकं पाडतात आणि काही तासांत पेशी आपणहून, शिस्तीत मरते. आता हे काही वाईटच असं नाही. बिघडलेल्या पेशींनी वेळेवर मरावं यात शरीराचं भलंच असतं, त्या मरायचं विसरल्या की कॅन्सरची भीती. म्हणून काकांना एवढं महत्त्व.

काकांना आवरणारं आणखी एक प्रोटीन आहे. त्याला अर्थातच आम्ही काकू म्हणायचो.

आमच्या सरांचं नाव झालं ते या जोडप्यामुळे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी आठ आकृत्यांचा एक पेपर छापला. त्यात म्हटलं होतं की निरोगी पेशीतसुद्धा काका मायटोकाँड्रियाच्या भिंतीला चिकटूनच बसलेले असतात, काकू शेजारी बसून त्यांचा हात धरून ठेवतात, आणि काकूंचा हात सुटला की भोकं पडतात. चौथी आकृती तर पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे बाहेरच्या दोन-तीन लॅबनी छापलं की आम्हाला बुवा काका भिंतीवर सापडत नाहीत, ते बाहेर पेशीच्या द्रवात मोकळे हिंडत असतात, आणि पेशीवर संकट आलं तरच भिंतीकडे धावतात. सरांनी ते पेपर वाचले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘‘यांची भांडी घाण असणार.’’ विषय संपला. सर बारीक चणीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात सहा इंची पट्टी. रागावत कधीच नसत. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करत, आणि त्याची धास्ती जास्त वाटायची.

माझा सात वर्षांचा प्रबंध सरांच्या चौथ्या आकृतीवर उभा होता. तो एकदाचा लिहून झाला, बाहेरच्या परीक्षकांकडे गेला आणि परतही आला. परीक्षक बाईंनी सगळं ठीक म्हटलं होतं, फक्त एक मागणी होती: ‘काकांच्या जागेचा मूळ प्रयोग ताज्या पेशींवर पुन्हा एकदा करून व्हायवाला दाखवावा.’ (त्यांनी अर्थातच काका असं लिहिलं नव्हतं.) व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दीड महिना होता आणि प्रयोग दोन दिवसांचा. मी हसले. हा प्रयोग मी डोळे मिटून करत असे.

पद्धत सोपी आणि थोडी रानटी आहे. पेशी एका जाड, अरुंद काचेच्या नळीत घ्यायच्या, त्यात घट्ट बसणारा काचेचा दांडा तीस वेळा वर-खाली करायचा, म्हणजे पेशी फुटतात. मग ते सगळं जोरात गरगर फिरवायचं. तळाला गाळ बसतो, त्यात मायटोकाँड्रिया येतात. वर नितळ पाणी राहतं, तो पेशीचा द्रव. मग दोन्हीकडे काका आहेत का ते बघायचं. असले तर फिल्मवर काळी रेघ उमटते. सात वर्षं माझी रेघ गाळात होती, सरांची वीस वर्षं गाळात होती.

या वेळी रेघ वरच्या पाण्यात आली.

मी ती फिल्म उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा केला. काका पाण्यात. नवीन पेशी मागवल्या. काका पाण्यात. रेघ उमटवणारं रसायन बदललं. काका आपले पाण्यात, आणि रेघ इतकी ठसठशीत की मला वेडावून दाखवल्यासारखी. माझी पाचावर धारण बसली. व्हायवाला तीन आठवडे उरले होते, आणि सात वर्षं ज्या गृहस्थांना मी भिंतीवर बसलेलं दाखवत होते ते ऐन वेळी उठून फिरायला गेले होते. सरांना मी काहीच सांगितलं नाही. ते विचारत, ‘‘कसं चाललंय?’’ मी म्हणे, ‘‘उत्तम.’’ एवढं खोटं मी शाळेत प्रगतिपुस्तकावर सही मारतानाही बोलले नव्हते.

मग मावशी रजेवरून परत आल्या, आणि काकाही भिंतीवर परत आले.

मावशी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या धुलाईच्या खोलीच्या मालकीण. सरकारी कागदावर त्यांचं पद बरंच खालचं होतं, पण कोणाला आज भांडी मिळतील आणि कोणाला उद्या, हे त्या ठरवत. फुटलेल्या नळीचे तुकडे आणून दाखवल्याशिवाय नवी नळी देत नसत. लेकीच्या बाळंतपणाला त्या सहा आठवडे गेल्या होत्या. तेवढे दिवस आपापली भांडी आपण धुवायची असा फतवा निघाला होता, आणि मी ती कशी धुतली हे लिहायला मला लाज वाटते. नळाखाली धरायची, चार वेळा खळखळायची, उपडी टाकायची. साबण संपला होता आणि तो कुठून आणतात हे मावशींशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

त्या आल्या, माझ्या नळ्या पाहून कपाळाला हात लावला, सगळ्या उचलून नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी हिऱ्यासारख्या चमकत्या परत दिल्या. मी प्रयोग केला. रेघ गाळात. जीव इतका हलका झाला की मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवताच माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. पेशी त्याच होत्या, रसायनं तीच, हातही माझाच. बदललं होतं फक्त धुणं.

मी खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. शहाणी मुलगी असते तर ती सुंदर फिल्म व्हायवासाठी बाजूला ठेवून घरी गेले असते. पण मला एखादी गोष्ट टोचायला लागली की जेवण जात नाही. मी धुलाईच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले.

‘‘काय गं, फोडलीस का?’’ मावशींनी मागे न बघता विचारलं.

‘‘नाही हो मावशी. तुम्ही नळ्या कशा धुता ते बघायला आले.’’

‘‘सात वर्षांनी?’’ त्या म्हणाल्या, पण खूश झाल्या. ‘‘बघ मग. शिकून घे, लग्न झाल्यावर कामाला येईल.’’

‘‘लग्न होऊन पाच वर्षं झाली.’’

‘‘तरी शीक. नवऱ्याला शिकव.’’

त्यांनी नळ्या साबणात घातल्या, ब्रशने घासल्या, साध्या पाण्यातून तीनदा काढल्या, गाळलेल्या पाण्यातून दोनदा. निर्दोष. माझा चेहरा पडायला लागला. मग त्यांनी खालच्या फळीवरून झाकण असलेला एक डबा काढला, आणि प्रत्येक नळी त्या डब्यातल्या पाण्यात एकदा बुडवून सुकायला उपडी ठेवायला लागल्या.

‘‘हे काय?’’

‘‘शेवटची बुडी. पाण्यात थेंबभर साबण आहे. याने सुकताना पाण्याचे डाग पडत नाहीत. फक्त तुमच्याच लॅबला हं ही. शेजारच्यांना कशाला? त्यांना डाग दिसतात कुठे!’’

‘‘हे कोणी सांगितलं तुम्हाला?’’

‘‘तुझ्या सरांनीच,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘नवीन आले होते तेव्हा. एक नळी उजेडात धरली आणि म्हणाले, ‘मावशी, डाग.’ बस, एवढंच. दुसरं कोणी असतं तर चार शब्द सुनावले असते, मी सोळा परत केले असते. पण हे असे सभ्य. मला रात्रभर झोप नाही. माझ्या सासूने कधी माझ्या भांड्यांना नाव ठेवलं नव्हतं गं! मग मी डोकं चालवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी परत नळी उजेडात धरली, आणि काय म्हणाले माहितीये? ‘वा.’ ’’

वीस वर्षं मावशी त्या एका ‘वा’वर बुडी देत होत्या.

साबण हा काकांचा शत्रू आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. काका द्रवात हिंडतात तेव्हा अंग आवळून, घडी घालून हिंडतात. साबणाचा नुसता वास लागला तरी बिथरतात, घडी मोडते, आतला तेलकट भाग उघडा पडतो, आणि मग ते जी पहिली भिंत दिसेल तिला जाऊन चिकटतात. म्हणजे नळीच्या काचेवर साबणाचा पातळ पापुद्रा असला, की पेशी फुटताक्षणी काकांचं डोकं फिरणार आणि ते मायटोकाँड्रियावर जाऊन बसणार. त्यांना भिंतीवर आम्हीच बसवत होतो, आणि मग बघा, भिंतीवर बसलेत, म्हणून छापत होतो.

तरी मी नीट तपासलं. मावशींच्या नळ्या, मी नुसत्या पाण्याने खळखळलेल्या, खोक्यातल्या कोऱ्या, आणि कोऱ्याच पण मावशींच्या डब्यात एकदा बुडवलेल्या. बुडी दिलेल्या दोन्हींत काका गाळात, बाकीच्या दोन्हींत पाण्यात. इतकं स्वच्छ उत्तर मला सात वर्षांत मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते असं.

संध्याकाळी आईचा फोन आला.

‘‘सापडले का गं तुझे काका?’’

‘‘सापडले. बाहेर हिंडत होते.’’

‘‘मग सात वर्षं कुठे शोधत होतीस?’’

‘‘सरांनी सांगितलं तिथे.’’

‘‘आणि सरांना कोणी सांगितलं?’’

मी फोन ठेवला. आयांना नको तेव्हा नेमकं सुचतं.

आता माझ्यासमोर दोन फिल्म होत्या. एक गाळातली: ती दाखवली की डिग्री खिशात, सर खूश, परीक्षक खूश, कोणाला काही कळण्याचं कारण नाही. दुसरी पाण्यातली: ती दाखवली की माझाच प्रबंध माझ्याच हाताने निम्मा पुसला जाणार, आणि सरांचं आयुष्यभराचं काम भर सभेत धुतलं जाणार. माझ्या डिग्रीच्या कागदावर सरांची सही लागते. सर चांगले आहेत, पण इतकं चांगलं माणसाने असावं अशी अपेक्षा कोणी करू नये.

मी सरांकडे गेले. दोन्ही फिल्म टेबलावर ठेवल्या आणि बुडीची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी पट्टी काढली, रेघा मोजल्या, पट्टी परत खिशात ठेवली.

‘‘परत करा,’’ ते म्हणाले.

परत केलं. तेच आलं. ‘‘परत करा.’’ तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टी काढलीच नाही.

‘‘मग सर, व्हायवाला मी कुठली दाखवू?’’

‘‘व्हायवा तुमची आहे,’’ ते म्हणाले. याचा अर्थ काय काढायचा? मी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, याचा अर्थ गुरुवारी व्हायवातच कळेल.

गुरुवारी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत परीक्षक बाई, मोठ्या आवाजाच्या, मांडीवर माझा जाडजूड प्रबंध, त्यातून रंगीत चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. दुसऱ्या रांगेत सर, कडेच्या खुर्चीवर. आणि शेवटच्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, मावशी. त्यांना कोणीतरी बातमी दिली होती की आज त्यांच्या नळ्यांचा विषय निघणार आहे.

मी पाण्यातली फिल्म दाखवली. शेजारी गाळातली ठेवली, चारही प्रकारच्या नळ्या दाखवल्या, आणि मावशींकडे न बघता जमेल तितक्या मिळमिळीत भाषेत म्हणाले, ‘‘धुतल्यानंतर काही नळ्यांमध्ये साबणाचा अल्पसा अंश राहून जात होता, असं दिसतं.’’

‘‘राहून जात नव्हता!’’ शेवटच्या रांगेतून आवाज आला. मावशी उभ्या राहिल्या होत्या. ‘‘मी ठेवत होते. माझ्या हातून काही राहून जात नाही.’’

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षक बाई खुर्चीत अख्ख्या मागे वळल्या. ‘‘आपण?’’

‘‘मी धुते,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘वीस वर्षं धुते. डाग नकोत म्हणून ठेवत होते, आणि डाग नकोत हे सरांनी सांगितलं होतं. विचारा त्यांना, इथेच बसलेत.’’ आणि पदर सावरून खाली बसल्या.

हसू हळूहळू थांबलं. परीक्षक बाईंनी सरांकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. मी तेवढी जमिनीकडे बघत होते.

‘‘सर, तुम्ही गाइड आहात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या विद्यार्थिनीने आत्ता जे सांगितलं, ते खरं असेल तर तुमचा तो पेपर... तुमचं काय म्हणणं आहे?’’

सर उठले. उठताना खुर्ची करकरली. ‘‘तिचं बरोबर आहे,’’ ते म्हणाले. माझ्याबद्दल सात वर्षांत पहिल्यांदाच एकेरीत बोलले होते. ‘‘माझी चौथी आकृती चुकीची आहे.’’ ते बसले. मग लगेच परत उठले. ‘‘पाचवीपण. ती त्याच नळ्यांमधली आहे.’’

सर उभेच होते. आता ते आमच्याशी बोलत नव्हते, मनातल्या मनात पेपरची पानं उलटत होते, एकेक करून.

‘‘सहावी बरोबर आहे. तिच्यात पेशी खरोखरच मरत होत्या, काका तेव्हा भिंतीवरच असणार. पहिल्या तीन नुसत्या तयारीच्या. सातवी... सातवी गेली.’’ त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. ‘‘आठवी काकूंची आहे. काकू मायटोकाँड्रियावर असतात, ते दाखवणारी. तीही त्याच नळ्यांमधली. तेव्हा तीही...’’

माझी डिग्री तर ‘तिचं बरोबर आहे’ या वाक्यालाच झाली होती, ते मला कळलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण वाटलं, याच माणसाने आपल्याला दांडा धरायला शिकवलं, आणि आपण त्याला भर हॉलमध्ये एकेक आकृती मोजायला लावतोय. आपलं भाषण संपल्यावर विद्यार्थ्याने मधे बोलायचं नसतं. मी बोलले.

‘‘सर, आठवी बरोबर आहे.’’

त्यांनी वर पाहिलं.

‘‘मी शनिवार-रविवारी येऊन केली,’’ मी म्हणाले. ‘‘कोऱ्या नळ्यांत. काकू हलल्या नाहीत. साबण असो, नसो, त्या भिंतीवरच आहेत. थोड्या दुसऱ्या पडद्यांवरही आहेत, केंद्रकाभोवती वगैरे, पण मायटोकाँड्रियावर तर नक्कीच. ती आकृती तुमचीच आहे, सर.’’

‘‘किती वेळा केली?’’

‘‘तीन वेळा. तीन वेगळ्या नळ्यांत, एकदमच.’’

मला वाटलं, आता म्हणतील, परत करा. त्यांचा हात आपोआप खिशातल्या पट्टीकडे गेला होता. तो तसाच खाली आला.

‘‘काकू तिथेच आहेत?’’ त्यांनी विचारलं, अगदी हळू.

‘‘तिथेच आहेत, सर.’’

‘‘बरं,’’ सर म्हणाले आणि खाली बसले. परीक्षक बाईंनी पेन काढून पहिली सही केली आणि कागद मागे सरांकडे दिला. सरांना सहीची जागा दिसेना, म्हणून त्यांच्या हातात चष्मा आहे हे मी जाऊन त्यांना सांगितलं.